तीन क्वार्टरबॅक, एकच फळी : अलाबामाचा सप्टेंबर २०२३ (माहितीपटाचे निवेदन)

टॅम्पा, फ्लोरिडा. १६ सप्टेंबर २०२३, शनिवार. रेमंड जेम्स स्टेडियमच्या एका टोकाला उभे असलेले हे चाच्यांचे गलबत एरवी इथल्या व्यावसायिक संघाचे भूषण असते. आज मात्र मैदान साउथ फ्लोरिडा विद्यापीठाचे आहे आणि समोर पांढऱ्या जर्सीत अलाबामा विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ आहे. आकाश भरून आले आहे. परिसरात वीज चमकली की सामना थांबवायचा आणि शेवटच्या विजेनंतर अर्धा तास उलटेपर्यंत पुन्हा सुरू करायचा नाही, असा नियम असल्यामुळे मैदान रिकामे झाले आहे. गेल्या वर्षी १२ पैकी ११ सामने हरलेल्या यजमानांनी देशातल्या सर्वांत दबदबा असलेल्या संघाला मध्यंतराला ३-३ असे बरोबरीत रोखून धरले आहे.

अलाबामाच्या जर्सीवर खेळाडूचे नाव नसते आणि गडद लाल हेल्मेटवर बोधचिन्हही नसते. दोन्ही बाजूंना असतो तो फक्त क्रमांक. त्यामुळे आज क्रमांकांवरच लक्ष ठेवावे लागेल. सामन्याची सुरुवात करणारा क्रमांक ८ म्हणजे टायलर बकनर. त्याच्या जागी उतरवलेला क्रमांक १५ म्हणजे टाय सिम्पसन. आणि सीमारेषेच्या बाहेर, संपूर्ण पोशाखात, एकाही चेंडूसाठी मैदानात न बोलावला गेलेला क्रमांक ४ म्हणजे जेलन मिलरो, जो एका आठवड्यापूर्वीपर्यंत या संघाचा पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक होता.

अमेरिकन फुटबॉल फारसा न पाहणाऱ्यांसाठी थोडे सांगितले पाहिजे. आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचे असते. ते जमले तर पुढचे चार प्रयत्न मिळतात, नाही जमले तर चेंडू जातो. प्रत्येक प्रयत्नाची सुरुवात मधला खेळाडू, म्हणजे सेंटर, चेंडू दोन पायांमधून मागे देतो तेव्हा होते आणि त्या चेंडूचे काय करायचे हे ठरवणारा माणूस म्हणजे क्वार्टरबॅक. त्याच्या हातात जेमतेम दोन-तीन सेकंद असतात, आणि तीही त्याची स्वतःची नसतात. सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंचे दोन गार्ड आणि टोकांचे दोन टॅकल अशी पाच जणांची पुढची फळी ती त्याला मिळवून देते. प्रतिस्पर्धी फळी फोडून आत शिरला आणि चेंडू सुटण्याआधी त्याने क्वार्टरबॅकला खाली पाडले, तर त्याला सॅक म्हणतात. सामन्याच्या आकडेवारीत सॅकची नोंद क्वार्टरबॅकच्या नावापुढे होते. फळीतल्या कोणाच्या हातून माणूस सुटला, हे तिथे दिसत नाही. सप्टेंबरमधली बहुतेक चर्चा याच नोंदीवर झाली, आणि म्हणून पुढच्या दृश्यांमध्ये चेंडूइतकेच त्या पाच जणांकडेही पाहावे, अशी विनंती आहे.

हा प्रश्न निर्माण कसा झाला हे समजण्यासाठी एक वर्ष मागे जावे लागते. २०२१ साली हाइसमन करंडक, म्हणजे महाविद्यालयीन फुटबॉलमधल्या सर्वोत्कृष्ट खेळाडूचा पुरस्कार, जिंकलेला ब्राइस यंग २०२२ मध्येही अलाबामाचा क्वार्टरबॅक होता. तो अंगकाठीने लहान, पण मैदान वाचण्यात विलक्षण होता. फळी कोसळली तरी एक पाऊल बाजूला सरकून शांतपणे पास देण्याची त्याची हातोटी अशी होती की फळीतले दोष त्याच्या सावलीत झाकले जात. १ ऑक्टोबर २०२२ रोजी आर्कान्सासविरुद्ध त्याचा खांदा दुखावला आणि मिलरो मैदानात आला. २८-० अशी आघाडी २८-२३ पर्यंत आक्रसली होती. तिसऱ्या प्रयत्नात १५ यार्ड हवे असताना मिलरोने पाससाठी जागा नाही हे पाहून चेंडू काखेत घेतला आणि तो ७७ यार्ड धावत गेला. त्या एका धावेत त्याच्या पायांतला वेग देशाला कळला. अलाबामाने तो सामना ४९-२६ असा जिंकला. पुढच्याच शनिवारी टेक्सस ए अँड एमविरुद्ध त्याने टचडाउनचे, म्हणजे चेंडू समोरच्या टोकाच्या गोलक्षेत्रात पोचवून सहा गुण मिळवून देणारे, तीन पास दिले आणि चेंडूही तीनदा गमावला. अगदी शेवटच्या चेंडूवर निश्चित झालेला तो २४-२० असा निसटता विजय पाहणाऱ्यांनी त्याच्याविषयी आपापले मत पक्के करून टाकले.

एप्रिल २०२३ मध्ये यंग व्यावसायिक लीगच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर कॅरोलायना पँथर्सकडे गेला. आक्रमणाचे समन्वयक, म्हणजे आक्रमणाची आखणी करणारे प्रशिक्षक, हेही बदलले. नोत्र दाम विद्यापीठातून टॉमी रीस आले. वसंत ऋतूतल्या सराव सामन्यात मिलरो आणि सिम्पसन दोघेही चाचपडले आणि त्यानंतर काही दिवसांतच रीस यांच्या जुन्या संघातला बकनर अलाबामात दाखल झाला. मुख्य प्रशिक्षक निक सेबन यांनी पहिल्या सामन्यापर्यंत नाव जाहीर केले नाही. राष्ट्रीय अजिंक्यपदे सात वेळा, त्यांपैकी सहा अलाबामासोबत, जिंकलेल्या माणसाला ही मुभा कोण नाकारणार? तरीही तीन तरुण आपल्या शेजाऱ्याकडे पाहत महिनाभर सराव करतात तेव्हा फळीलाही आपण कोणासाठी उभे आहोत हे उमगायला वेळ लागतो. एकाचा आवाज वेगळा, दुसऱ्याची पावले वेगळी, तिसऱ्याचा चेंडू सोडण्याचा क्षण वेगळा.

२ सप्टेंबर. टस्कलूसा इथले ब्रायंट-डेनी स्टेडियम. साधारण एक लाख प्रेक्षक मावतील असे हे मैदान ज्या शहरात आहे, त्या शहराची लोकसंख्याही साधारण तेवढीच आहे. मिडल टेनेसीविरुद्ध मिलरोने तीन टचडाउन पासवर आणि दोन स्वतः धावून मिळवले. अलाबामा ५६, मिडल टेनेसी ७. प्रतिस्पर्धी दुबळा होता, हे सगळ्यांना ठाऊक होते; तरीही प्रश्न सुटला असे वाटण्यासाठी तेवढे पुरले.

९ सप्टेंबरला त्याच मैदानात टेक्सस विद्यापीठाचा संघ आला. मिलरो ह्यूस्टनजवळच्या केटी गावचा, आणि अलाबामाकडे वळण्यापूर्वी त्याने टेक्ससलाच होकार दिलेला होता. टेक्ससचे प्रशिक्षक स्टीव्ह सार्किसियन २०१९ आणि २०२० मध्ये अलाबामाच्याच आक्रमणाचे समन्वयक होते, म्हणजे हे घर त्यांना आतून माहीत होते. डाव्या टोकाला, क्रमांक ७४ च्या जर्सीत, दीडशे किलोंहून अधिक वजनाचा केडिन प्रॉक्टर आहे. तो महाविद्यालयात नुकताच आलेला, पहिल्या वर्षाचा खेळाडू आहे आणि उजव्या हाताने पास देणाऱ्या क्वार्टरबॅकची आंधळी बाजू सांभाळण्याचे, म्हणजे फळीतले सर्वांत अवघड, काम त्याच्याकडे आहे. त्याच्या पावलांकडे पाहा. चेंडू सुटला की मागे सरकताना पहिले पाऊल अर्ध्या क्षणाने उशिरा पडते, समोरचा बचावपटू बाहेरून वळसा घेतो, आणि मिलरोला मान वळवून तिकडे पाहावे लागते. मान वळली की मैदानाच्या दुसऱ्या अंगाला मोकळा असलेला सहकारी दिसत नाही.

मिलरो निर्दोष होता असे नव्हे. तो चेंडू फार वेळ हातात ठेवत असे, आणि त्या रात्री त्याचे दोन पास टेक्ससच्या हाती गेले. पण त्याच रात्री त्याने २५५ यार्डांचे पास आणि त्यांतून दोन टचडाउन दिले, आणि शेवटचा पाव भाग सुरू होताना अलाबामा १६-१३ अशी पुढे होती. त्यानंतर टेक्ससने तीन टचडाउन केले. त्यांचा क्वार्टरबॅक क्विन यूअर्स याने ३४९ यार्डांचे पास दिले, आणि ते देताना त्याच्या अंगाला क्वचितच कोणाचा हात लागला. मिलरोला पाच वेळा खाली पाडण्यात आले होते. अंतिम गुण ३४-२४. घरच्या मैदानावरची सलग २१ विजयांची मालिका तुटली. सेबन यांच्या अलाबामातल्या कारकिर्दीत घरच्या मैदानावर संघ दहा किंवा अधिक गुणांनी हरण्याची ही पहिलीच वेळ होती. आठवडाभर सगळीकडे उत्तर एकच ऐकू येत होते : क्वार्टरबॅक बदला.

आणि तो बदलला गेला. आपण टॅम्पात परत येतो. बकनरचे १४ पैकी ५ पास सहकाऱ्यांच्या हाती लागले, एकूण ३४ यार्ड. त्याला दुसऱ्या पाव भागात बाहेर काढून सिम्पसनला आणले गेले. त्याचे ९ पैकी ५ लागले, ७३ यार्ड. दोघांचे मिळून १०७ यार्ड, आणि टचडाउनचा पास एकही नाही. दोघेही गुणवान होते. बकनरने आधीच्या हंगामाच्या शेवटी नोत्र दामकडून गेटर बोल या सामन्यात पाच टचडाउन मिळवले होते आणि सिम्पसन शाळेत असताना देशातल्या मोजक्या क्वार्टरबॅकमध्ये गणला जात होता. पण चेंडू मागे आला, की तेच सुरू. बाहेरून वळसा, आतून घुसखोरी, खाली पाडलेला क्वार्टरबॅक, आणि आता तर पळून सुटण्यासाठी मिलरोचे पायही नाहीत. औषध बदलले तरी ताप उतरत नसेल तर निदान पुन्हा तपासावे लागते, इतके साधे ते होते.

शेवटी सामना ओढून नेला तो बचावफळीने आणि रॉयडेल विल्यम्सच्या धावांनी. त्याने १२९ यार्ड आणि एक टचडाउन मिळवला. सिम्पसनने अगदी अखेरीस एक यार्ड घुसून दुसरा मिळवला. १७-३. जिंकलेल्या संघाचे मैदानाबाहेर जातानाचे चेहरे पडद्यावर आहेत. क्रमवारीत अलाबामा १३ व्या स्थानावर घसरला. पहिल्या दहांच्या बाहेर तो संघ २०१५ नंतर प्रथमच गेला होता.

सोमवारी सेबन यांनी पुढच्या सामन्यासाठी मिलरोचे नाव जाहीर केले. बाहेर बसलेला असताना त्याने सहकाऱ्यांना जसा आधार दिला त्यातून आपण शोधत असलेले नेतृत्व दिसले, असे कारण त्यांनी दिले. कारण चांगले आहे, खरेही असावे. पण ज्या शनिवारी त्या पाच जणांमागे आणखी दोन क्वार्टरबॅक उभे करून पाहिले गेले, त्या शनिवारी त्या पाच जणांविषयी काय समजले, ते या कारणात येत नाही. आणि आमच्या दृष्टीने सप्टेंबरची खरी गोष्ट तिथेच आहे.

२३ सप्टेंबर, पुन्हा टस्कलूसा. समोर मिसिसिपी, म्हणजे ओल मिस. प्रशिक्षक लेन किफिन, जे २०१४ ते २०१६ या काळात सेबन यांचेच समन्वयक होते. मध्यंतराला अलाबामा ६-७ अशी मागे होती आणि प्रेक्षकांची कुजबुज पुन्हा सुरू झाली होती. फरक दुसऱ्या अर्धात दिसू लागतो, आणि तो नीट पाहण्यासारखा आहे. रीस यांनी मिलरोला यंगसारखे खेळायला लावणे कमी केले आहे. आधी जमिनीवरून धावा, त्या अडवण्यासाठी बचावपटू पुढे आले की त्यांच्या डोक्यावरून लांब पास. फळीला मागे सरकत वाट अडवण्यापेक्षा पुढे ढकलणे केव्हाही सोपे जाते, आणि धावांच्या खेळात नेमके तेच करायचे असते. जेस मॅक्लेलनच्या १०५ यार्डांमागे हेच ढकलणे आहे. पहिल्या वर्षाचा जेलन हेल याला मिलरोने दिलेला ३३ यार्डांचा टचडाउनचा पास हे त्याचे फळ आहे. त्या चेंडूवर मिलरो दोन पावले मागे जातो, थांबतो, आणि या महिन्यात क्वचितच घडलेली गोष्ट घडते : त्याच्याभोवती कोणीही नसते. २१ पैकी १७ पास, २२५ यार्ड, २४-१० असा विजय. पुढच्या शनिवारी मिसिसिपी स्टेटच्या मैदानावर १२ पैकी १० पास आणि स्वतः धावून दोन टचडाउन, ४०-१७. त्यानंतर टेक्सस ए अँड एमच्या मैदानावर ३२१ यार्ड आणि तीन टचडाउनचे पास, २६-२०.

फळी सुधारली, पण बरी झाली नाही. संपूर्ण हंगामात, १४ सामन्यांत, अलाबामाचे क्वार्टरबॅक ४९ वेळा खाली पाडले गेले. तरीही मिलरोने हंगाम २,८३४ यार्ड आणि टचडाउनच्या २३ पासांवर संपवला, इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेलेले पास, फक्त सहा, आणि हाइसमनच्या मतदानात तो सहावा आला.

उरलेले थोडक्यात. नोव्हेंबरमध्ये ऑबर्नच्या मैदानावर, अवघी ३२ सेकंद उरली असताना, चौथ्या प्रयत्नात ३१ यार्ड हवे असताना मिलरोने आयझाया बाँडला दिलेला, सामना जिंकून देणारा टचडाउनचा पास आपण आता पाहत आहोत. त्यावर काही बोलण्याची गरज नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला जॉर्जियाची सलग २९ विजयांची मालिका २७-२४ ने खंडित करून अलाबामाने विभागीय अजिंक्यपद मिळवले. १ जानेवारी २०२४ रोजी रोझ बोल या राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या उपांत्य सामन्यात मिशिगनने मिलरोला सहा वेळा खाली पाडले आणि जादा वेळेत २७-२० असा सामना जिंकला. दहा जानेवारीला सेबन निवृत्त झाले, रीस क्लीव्हलंडच्या व्यावसायिक संघाकडे गेले, सेंटर सेथ मॅक्लॉफलिन ओहायो स्टेटला गेला आणि बकनर नोत्र दामला परतून लॅक्रॉस हा वेगळाच खेळ खेळू लागला. सिम्पसन थांबला, आणि २०२५ च्या हंगामात तो अलाबामाचा पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक झाला.