परत आलेला टायर

(एका पॉलिटेक्निकच्या ऑटोमोबाईल विभागात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

सरांनी मला विषय दिलाय 'भरवशाचे टायर कसे बनवावेत आणि कसे विकावेत'. बनवण्याबद्दल मी कमीच बोलणार, कारण माझी नोकरी कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला गेली. गिऱ्हाईक फुगा आलेला टायर दुकानात आणून आपटतं, भांडतं, मग दुकानदार ज्याला फोन लावतो तो माणूस मी. क्लेम इन्स्पेक्टर. हातात टॉर्च, नक्षीची खोली मोजायची पट्टी आणि एक चाकू.

हा कापलेला तुकडा मागेपर्यंत फिरवा. जपून, तारा टोचतात. नक्षीच्या खाली पोलादी तारांचे दोन पट्टे दिसतील, एकमेकांवर तिरपे. आता गंमत अशी, की रबर पोलादाला चिकटत नाही. म्हणून तारेवर पितळेचा पातळ मुलामा देतात. टायर साच्यात क्युअर होताना, म्हणजे उष्णतेने पक्का होताना, रबरातलं गंधक पितळेतल्या तांब्याशी संयोग पावतं, आणि त्या सूक्ष्म थरावर सगळा टायर तगतो. पट्टे रचण्याआधी माल दमट हवेत पडून राहिला, त्यावर तेलकट काही बसलं, तर हा थर कच्चा राहतो. टायर बाहेरून तितकाच काळाभोर आणि चकचकीत दिसतो. एक्स-रेमध्ये तारा जागेवर आहेत का ते कळतं. पकड किती घट्ट आहे ते कळत नाही.

ते कळतं टायर फाटल्यावर. सोललेल्या पट्ट्याच्या तारेवर रबराची लव राहिली असेल तर पकड चांगली होती, रबरच फाटलं. तार नव्या पितळी भांड्यासारखी लख्ख निघाली तर मात्र संशय घ्यायचा. आणि टायर कमी हवेत पळवलेला असेल तर आतल्या बाजूला गोल वळ्या पडतात, रबराचा भुगा निघतो. तिथे गिऱ्हाईक कितीही शपथा घेऊ दे.

ताशी शंभरने जाणाऱ्या कारचं चाक सेकंदाला चौदा-पंधरा वेळा फिरतं. प्रत्येक फेऱ्याला टायर रस्त्यावर चपटा होतो, पुन्हा उठतो. सगळ्यात जास्त ताण येतो पट्ट्यांच्या कडांना. हवा कमी, माल जास्त, रस्ता तापलेला, की तिथे उष्णता साठते, बारीक चीर पडते आणि ती दोन पट्ट्यांच्या मधून सरकत जाते. एक दिवस वरचा पट्टा नक्षीसकट सोलून निघतो. समृद्धीवर अपघात झाला की 'टायर फुटला' एवढीच बातमी येते. तो सोलला होता की फुटला होता, हे बघायला टायर कोणी उचलून आणत नाही.

जगातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण अमेरिकेतलं. फायरस्टोनचे पंधरा इंची टायर आणि फोर्डची एक्सप्लोरर गाडी. ९ ऑगस्ट २००० रोजी कंपनीने ६५ लाख टायर परत मागवले. अमेरिकेच्या रस्तासुरक्षा खात्याने पुढे या टायरांशी निगडित २७१ मृत्यू मोजले. भांडण नेहमीचंच. टायरवाले म्हणाले गाडी उलटते आणि फोर्डने हवा कमी सांगितली, २६ पौंड. ३० हवी होती. गाडीवाले म्हणाले टायरच वाईट. बर्कले विद्यापीठाचे संजय गोविंदजी यांना फायरस्टोननेच तपासायला नेमलं होतं. त्यांनी एकच गुन्हेगार उभा केला नाही: टायरची रचना, उष्ण हवामान, हवा आणि वजन, शिवाय इलिनॉयमधल्या डिकेटर कारखान्याची रबर तयार करण्याची पद्धत, असं सगळं त्यात आलं. पट्ट्यांच्या कडांमध्ये रबराची पाचर असते, तीही पातळ होती. डिकेटरचा कारखाना २००१ च्या अखेरीस बंद झाला.

पण माझ्यासारख्या माणसाला त्यात टोचते ती दुसरीच गोष्ट. जुलै १९९८ मध्ये, म्हणजे परत मागवण्याच्या दोन वर्षं आधी, स्टेट फार्म या विमा कंपनीतल्या सॅम बॉयडन नावाच्या माणसाने या टायरांचे २१ अपघात सरकारी खात्याला कळवले होते. तो टायर कापत नव्हता, विम्याचे कागद बघत होता. एकाच टायरचं नाव पुन्हापुन्हा येतंय, एवढंच त्याने हेरलं. खात्यात कोणी हललं नाही. १९९९ मध्ये फोर्डने आखाती देशांत हे टायर बदलूनही दिले होते. अमेरिकेत चौकशी सुरू झाली मे २००० मध्ये, तीही ह्यूस्टनच्या एका टीव्ही वाहिनीने फेब्रुवारीत बोंब ठोकल्यावर. कंपनीकडे क्लेम येतच होते, फक्त ते पैशांच्या वहीत होते. किती भरपाई दिली, एवढ्यापुरते.

त्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला, की क्लेमचे आकडे आणि परदेशात बदलून दिलेला माल सरकारला कळवलाच पाहिजे. टायरमधली हवा कमी झाली की डॅशबोर्डवर दिवा लागतो, तोही याच कायद्यामुळे तिथे सक्तीचा झाला.

आपल्याकडे टायरवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. ते हवंच. पण ते नमुन्याची चाचणी सांगतं. दुकानदार काय सांगतो? "साहेब, हा घ्या, स्कीम चालू आहे." तुम्ही स्वतः घ्यायला गेलात तर टायरच्या बाजूला चार आकडे बघा. ३४२२ म्हणजे २०२२ सालचा चौतिसावा आठवडा. दोन-तीन वर्षं गोदामात पत्र्याखाली तापलेला टायर नवा म्हणून घेऊ नका. दुकानदार रागावेल, रागावू दे. बिलावर तो आकडा लिहून घ्या. उद्या त्या आठवड्याच्या मालात काही निघालं, तर तुम्हाला शोधणार कसं?

आणि आता माझं पाप. एका वाहतूकदाराचे, चंद्रपूरकडचे, एकाच मापाचे टायर दीड वर्षात वेगवेगळ्या दुकानांतून माझ्याकडे आले. पहिला आला तेव्हा मे महिना होता. फॉर्मवर कारणाचा रकाना असतो. मी लिहिलं, 'कमी हवा'. दुसऱ्यावर 'जादा माल'. तिसऱ्याच्या वेळी घाई होती, पुन्हा 'कमी हवा'. कंपनी खूश, माझा नकाराचा टक्का चांगला होता. खोटं लिहिलं असं नाही; त्या भागात गाड्या भरून चालतात आणि हवा कोण बघतं! पण तिसऱ्याची तार जरा जास्तच लख्ख होती, हे मला दिसलं होतं.

चौथा आला तेव्हा सहज आठवडा बघितला. मग जुने फॉर्म काढले. चारही एकाच महिन्यात बनलेले. मी पहिले तीन टायर शेजारी ठेवून बघावेत म्हणून गोदामात गेलो. तिथल्या पोऱ्याने सांगितलं, "साहेब, नाकारलेला माल तीन महिन्यांनी भंगारात जातो. तुमचीच सही लागते त्यावर."