‘संबंध म्हंजे काय लिवायचं?’

(कोल्हापुरातील शिक्षकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

शाहू महाराजांनी 1917 साली या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोरं शाळेत आली. पण वर्गात बसलेलं पोर पुस्तकात शिरतंच असं नाही, आणि ते कुठं अडतं यावर मला आज बोलायचं आहे. विषय ‘शालेय विद्यार्थ्यांचा अभ्यासविषयक शब्दसंग्रह’ असा छापलाय. मी त्याला पुस्तकी शब्द म्हणतो.

‘प्रकाशसंश्लेषण’, ‘लघुतम साधारण विभाज्य’ यांची मला फारशी काळजी नाही. ते ठळक छापलेले असतात, त्यांची व्याख्या असते, आपण त्यांच्यासाठी अख्खा तास देतो. काळजी आहे ती ‘परिणामी’, ‘तुलनेने’, ‘अनुक्रमे’, ‘याउलट’, ‘गृहीत धरा’, ‘सकारण’ या शब्दांची. ते सगळ्याच विषयांत येतात, म्हणून कुठल्याच शिक्षकाच्या वाट्याला येत नाहीत. गणिताचे सर म्हणतात, शब्द शिकवणं मराठीच्या बाईंचं काम. बाईंच्या कवितेत ‘अनुक्रमे’ येणार कुठून? हसताय, म्हणजे तुमच्याही शाळेत हेच चाललंय.

एक मुलगा सांगतो. मी भूगोल शिकवायचो. सातवीत पंचगंगेकाठच्या प्रयाग चिखलीकडचा एक होता. 2019च्या पुरात त्याचं घर पाण्यात गेलेलं. शाळा पुन्हा भरली तेव्हा वर्गात पुराचाच विषय, आणि हा पोरगा उभा राहून सांगायला लागला. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटाला इशारा पातळी, 43 ला धोका पातळी. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे, एक उघडला की 1428 क्युसेकचा विसर्ग. मी खडू खाली ठेवला. म्हणाला, “सर, दार उघडलं म्हंजे लगीच पानी येत न्हाई. आदी भोगावती फुगती, मग आमच्याकडं. दार उघडल्यालं कळलं की आजा म्हशी सोडतोय.” बाकीची पोरं गप्प बसून ऐकत होती. माझ्या तासाला एवढी शांतता क्वचित असायची.

पुढं सत्र परीक्षा झाली. प्रश्न होता : ‘पर्जन्याचे प्रमाण व नदीची पाणीपातळी यांतील संबंध स्पष्ट करा.’ मला वाटलं, हा पानं भरून लिहिणार. त्यानं प्रश्न तेवढा सुवाच्य अक्षरात उतरवून काढला होता आणि खाली जागा कोरी. मधल्या सुट्टीत बोलावलं. “काय रे, एवढंच यायचं राहिलं होतं व्हय तुला?” तर मान खाली घालून म्हणाला, “सर, संबंध म्हंजे काय लिवायचं? आमचा आनि चुलत्यांचा न्हाई, त्यो व्हय?”

त्यांच्या घरात बांधावरनं भांडण होतं. ‘संबंध’ हा शब्द त्यानं तेवढ्याच कामासाठी ऐकलेला. मी म्हटलं, राहू दे ते. पाऊस कुठं पडला की तुमच्याकडं पाणी चढतं? पोरगा खुलला. “हिकडं ऊन असलं तरी चालतंय सर. गगनबावड्याला, राधानगरीला धो-धो लागला की दुसऱ्या दिवशी आमच्याकडं चढतंय. तिकडं पाऊस उघडला तरी हितलं लगीच उतरत न्हाई.” अहो, हेच उत्तर! पाणलोट क्षेत्र, वरच्या भागातला पाऊस, पाणी खाली पोचायला लागणारा वेळ, सगळं आलं त्यात. पेपरात मात्र शून्य.

आता बघा, ‘विसर्ग’ काही सोपा शब्द नाही. तो त्याला कुणी शिकवला? दर पावसाळ्यात रोज कानावर पडत होता, मोबाइलवर, पारावर, घरात, आणि त्याच्यावर म्हशींचा जीव ठरत होता. त्याचा अर्थ पाच वेळा लिहून आण, असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आपण तर तेच सांगतो. मला याचा फार राग आहे, म्हणून थोडा वेळ घेतो. पोरांच्या एका मार्गदर्शक पुस्तकात मी स्वतः वाचलंय : निष्कर्ष म्हणजे अनुमान. पान उलटलं, तर अनुमान म्हणजे निष्कर्ष. पोरानं जायचं कुठं? ते बिचारं दोन्ही पाठ करतं, शब्दार्थाचे गुण मिळवतं आणि विज्ञानाच्या प्रयोगवहीत ‘निष्कर्ष’ या मथळ्याखाली निरीक्षणच पुन्हा उतरवून काढतं. सेमी-इंग्रजीच्या वर्गात तर हे ओझं दुप्पट, दोन्ही भाषांत अर्धे-अर्धे शब्द. त्यावर वेगळं बोलावं लागेल.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. म्हणजे मुख्य मुद्दा भरभर सांगायला हवा.

आयझाबेल बेक आणि त्यांच्या सहकारी मार्गारेट मॅकिऑन या अमेरिकी अभ्यासकांनी शब्दांचे तीन थर मांडले. रोजच्या बोलण्यातले, सगळ्या विषयांच्या वाचनात येणारे, आणि एकेका विषयाचे खास. वर्गातली जास्त मेहनत मधल्या थरावर घ्या, असं त्यांचं सांगणं. पुढं 2000 साली न्यूझीलंडच्या अव्हरिल कॉक्सहेड यांनी इंग्रजी विद्यापीठीय मजकुरातून 570 शब्दकुळांची यादी काढली; एका मूळ शब्दापासून झालेले सगळे शब्द मिळून एक कुळ. कसोटी अशी : अगदी नेहमीचे दोन हजार शब्द सोडून द्यायचे आणि कला, वाणिज्य, विधी, विज्ञान या चारही शाखांत येणारे ठेवायचे. बालभारतीची पुस्तकं घेऊन आपल्याला हे हातानंही करता येईल. विज्ञान, भूगोल, इतिहास आणि गणित या चारही पुस्तकांत भेटणारे शब्द काढायचे.

वर्गात काय करायचं? आठवड्याला पाचच शब्द घ्या. त्या आठवड्यात सगळ्या विषयांच्या शिक्षकांनी तेच मुद्दाम वापरायचे. ‘प्रमाण’ गणितात वेगळं, प्रमाणभाषेत वेगळं, हे पोरांसमोर उघड बोला. लिहिण्याआधी बोलू द्या, त्यांच्या भाषेत बोलू द्या, ‘चढतंय’ म्हणाला तर अडवू नका. ते बोलून झालं की त्याच्या हातात वाक्याचा सांगाडा द्या : ‘जसजसे… तसतसे…’, ‘यामुळे’, ‘याउलट’. माझ्या त्या मुलाला ‘जसजसा वरच्या भागात पाऊस वाढतो, तसतशी…’ एवढं फळ्यावर लिहून दिलं आणि त्यानं पुढचं पान भरलं. ‘सकारण स्पष्ट करा’, ‘फरक स्पष्ट करा’, ‘भौगोलिक कारणे लिहा’ यांत नेमकं काय मागितलंय, ते जूनमध्येच सांगा. ते परीक्षेच्या आदल्या दिवसावर ठेवू नका.

यादीचं काम कुणाला करायचं असेल तर कार्यक्रमानंतर व्यासपीठाजवळ या. सुरुवात सातवीपासून करू. भूगोल मी घेतो. विज्ञान आणि गणिताला माणसं हवीत.