काल रात्री किती झोपलात?

[दृश्य : मधली सुट्टी. व्हरांड्यात परीक्षेचं पॅड घेतलेला एक मुलगा दुसऱ्याला अडवतो.]

"तू किती तास झोपतोस?"

"सात-आठ."

"सात की आठ?"

"अरे, तेच ना. सात-आठ."

पेन्सिल कागदाला टेकली आणि तिथेच अडली. सात लिहावं की आठ? साडेसात लिहिलं, तर ते समोरच्यानं सांगितलेलंच नाही.

आपल्या शाळेतली मुलं रात्री किती झोपतात, हे शोधून काढायचं नववीच्या या वर्गानं ठरवलंय. गणिताच्या पुस्तकात सांख्यिकीचं प्रकरण आहेच. त्यात सारण्याही आहेत, सुबक, बेरीज चोख जुळणाऱ्या. फक्त त्या कुणीतरी आधीच भरून ठेवलेल्या. सारणीत येऊन बसण्याआधी आकडा किती ठिकाणी घसरतो, हे त्यातून कळायला मार्ग नाही. ते कळतं इथे, व्हरांड्यात.

[दृश्य : फळ्यावर चिकटवलेले कागद. कॅमेरा आकड्यांवरून सरकतो.]

रंगीत तालमीतली ही उत्तरं. सात, आठ, आठ, सात, सहा, आठ. मध्येच एखादं साडेसहा. पावणेआठ मात्र शोधून सापडत नाही. म्हणजे पावणेआठ तास कुणी झोपतच नाही? झोपत असणारच. पण अंदाजानं सांगायचं झालं की माणूस जवळचा गोल आकडा पकडतो. जनगणनेचं काम करणाऱ्यांना हे जुनंच दुखणं. वय विचारलं की ० आणि ५ नं संपणारी वयं फुगतात. चाळीस वर्षांची माणसं भरमसाट, एकोणचाळीस आणि एकेचाळीसची कमी. ही फुगवटी मोजायला व्हिपल निर्देशांक नावाचं मापही आहे.

नववीच्या मुलांनी फुगवटी मोजली नाही. त्यांनी प्रश्नच बदलला.

[दृश्य : फळा. जुना प्रश्न पुसला जातो. नवा लिहिला जातो.]

"काल रात्री दिवा किती वाजता मालवलात? आज किती वाजता उठलात?"

कालची रात्र, एकच, ठरावीक. नेहमीची नाही, साधारणपणे नाही. वजाबाकी आमची आम्ही करू.

मागच्या बाकावरून लगेच हरकत आली: दिवा मालवला म्हणजे झोप लागली असं थोडंच आहे? बरोबर आहे. वाद बराच वेळ चालला. शेवटी ठरलं की या आकड्याला झोप म्हणायचंच नाही. अहवालात शब्द येईल 'अंथरुणातला वेळ'. खरी झोप त्याहून कमीच असणार, जास्त असणार नाही. ही एक ओळ पुढे मुलांच्या फार कामी आली.

आणखी एक प्रश्न या खोडरबराखाली गेला. "रात्री उशिरापर्यंत फोन बघायची वाईट सवय तुम्हाला आहे का?" 'वाईट' म्हटल्यावर कोण हो म्हणेल? आता तिथे आहे : "झोपताना फोन कुठे होता?" उशाशी, खोलीत पण दूर, दुसऱ्या खोलीत, फोन वापरत नाही. चारांपैकी एकावर खूण.

[दृश्य : टेबलावर पत्र्याचे डबे. चिठ्ठ्यांच्या घड्या. एक हात डब्यात जातो.]

सगळ्या शाळेला विचारणं शक्य नाही. आणि ओळखीच्यांना विचारायचं, तर आपले मित्र आपल्यासारखेच जागरणं करणारे. म्हणून हजेरीपटावरच्या क्रमांकांच्या चिठ्ठ्या. प्रत्येक इयत्तेचा डबा वेगळा आणि प्रत्येक डब्यातून सारख्याच संख्येनं चिठ्ठ्या, म्हणजे एखादी इयत्ता सुटायला नको.

गणिताच्या बाई इथे एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणतायत : ढवळा. मुलांना हसू येतंय. पण १ डिसेंबर १९६९ ला अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाच्या सक्तीच्या भरतीसाठी जन्मतारखांची सोडत निघाली, तेव्हा तारखांच्या कुप्या महिन्यामागून महिना अशा भरल्या होत्या आणि पुरेशा ढवळल्या गेल्या नाहीत. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्या तरुणांचे क्रमांक बरेचदा आधी लागले. आकडे आलेखावर मांडल्यावर हा कल उघड्यावर आला.

"जास्त चिठ्ठ्या काढल्या तर उत्तर जास्त बरोबर येईल ना?" या मुलाच्या प्रश्नावर बाईंनी फळ्यावर लिहिलं, १९३६. त्या वर्षी 'लिटररी डायजेस्ट' या अमेरिकी साप्ताहिकानं अध्यक्षीय निवडणुकीचा कौल घ्यायला सुमारे एक कोटी मतपत्रिका धाडल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या. त्यांनी रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असं सांगितलं. रूझवेल्ट जिंकले, आणि लँडन यांना ४८ पैकी दोनच राज्यं मिळाली. नावं काढली होती टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून. मंदीच्या काळात ज्यांच्या घरी या दोन्ही वस्तू, ते सगळा देश नव्हते. शिवाय पत्रिका परत पाठवायची तसदी घेणारे वेगळे, टोपलीत टाकणारे वेगळे. याहून कितीतरी लहान नमुना घेऊन जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी विजेता बरोबर सांगितला होता.

मुलानं चिठ्ठ्या वाढवायचा आग्रह सोडला. डबा मात्र आणखी एकदा ढवळला.

[दृश्य : पाचवीचा वर्ग. प्रश्न विचारणारी मुलगी गुडघ्यावर बसलीय.]

"आज किती वाजता उठलीस?"

"आईनं उठवलं तेव्हा."

"म्हणजे किती वाजता?"

"आईला माहितीये."

असे कागद बाजूला ठेवले, फेकले नाहीत. अहवालात त्यांची वेगळी ओळ आहे.

[दृश्य : वहीचा क्लोज-अप. वजाबाकी मांडलेली.]

आता ही वजाबाकी बघा. रात्री १०.४५ ला दिवा मालवला, सकाळी ६.१० ला जाग आली. सहा दहामधून दहा पंचेचाळीस वजा करायला निघालेली ही पेन्सिल मध्येच थांबली, कारण मध्ये मध्यरात्र आडवी आली. मग शेजारणीनं वाट काढून दिली : बारापर्यंत सव्वा तास, पुढे सहा तास दहा मिनिटं. एकूण सात तास पंचवीस मिनिटं.

उत्तर बरोबर. कागदावर लिहिलं गेलं ७.२५. तसंच ते संगणकावर चढलं.

[दृश्य : संगणक कक्ष. पडद्यावर पहिला आयतालेख, म्हणजे चिकटून उभ्या स्तंभांचा आलेख, उमटतो. मुलं खुर्च्या ओढून जवळ येतात.]

हा प्रसंग आम्ही फारसा कापलेला नाही. सगळी उत्तरं भरून झाली, वर्गांतर, म्हणजे एका स्तंभाची रुंदी, ०.२ तास ठेवलं, बटण दाबलं. आणि पडद्यावर हे आलं. तीन स्तंभ, मग दोन जागा रिकाम्या. पुन्हा तीन स्तंभ, दोन रिकाम्या. पुन्हा तेच. दात पडलेला कंगवा.

पहिला संशय संगणकावर. बंद करून चालू केला. कंगवा जागच्या जागी. मग कुणीतरी म्हणालं, उत्तरंच कमी पडली असतील. पण कमी पडली असती तर भोकं कुठेही पडली असती, इतकी शिस्तीत कशी पडतील? बाई मागे उभ्या आहेत, त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना कळलंय हे दिसतं. त्या बोलत नाहीत.

ही दोन वेण्यांची मुलगी पेनाचं टोक पडद्यावर फिरवतेय. "सात ते सात पॉइंट सहा, आहेत. पॉइंट सहा ते आठ, कुणीच नाही. आठ ते आठ पॉइंट सहा, आहेत. परत पॉइंट सहा ते नऊ..." आणि मग, "अरे, तासाला साठच मिनिटं असतात!"

सात तास पंचवीस मिनिटं म्हणजे ७.२५ नव्हे. ७.२५ म्हणजे सव्वासात तास. पंचवीस मिनिटं हा तासाचा ०.४२ भाग, तेव्हा हवं होतं ७.४२. मिनिटं ५९ च्या पुढे कधी जात नाहीत, म्हणून .६० ते .९९ या जागेत कुणीच नव्हतं. दर तासाला. पाच घरांपैकी शेवटची दोन घरं मोकळी.

मुलांनी आधी नुसती सरासरी काढली असती, तर ही गोष्ट कधीच सापडली नसती. सरासरी सात-आठच्या आसपास कुठेतरी पडली असती, दिसायला अगदी शहाणी. तिनं काही बोलायचा प्रश्नच नव्हता. बोलला तो आलेख. आधी चित्र काढा, मग सरासरी, हा क्रम शाळाशाळांत उलटा का शिकवतात, हे मला तरी समजलेलं नाही.

सगळ्या वेळा मिनिटांत करून पुन्हा भरल्या. ती दुपार कंटाळवाणी होती, ती तुम्हाला दाखवत नाही.

[दृश्य : आलेख कागद, पट्टी, टोक काढलेल्या पेन्सिली. वरून घेतलेलं दृश्य.]

दुसऱ्या खेपेला संगणक बंद. आलेख कागदावर, हातानं. वर्गांतर केवढं घ्यायचं यावर दोन तट पडले. दहा-दहा मिनिटांचं घेतलं तर सगळीकडे बुटके स्तंभ, आकार काही दिसेना. दोन-दोन तासांचं घेतलं तर तीन-चार ठोकळे, सगळं त्यात गडप. अर्ध्या तासावर समेट झाला. ताळ्याच्या खुणा होतायत : चार उभ्या, पाचवी तिरकी. एका गटानं जागा वाचवायला उभा अक्ष शून्याऐवजी दहापासून सुरू केला, म्हणजे स्तंभांतला फरक आहे त्याहून मोठा दिसणार. बाईंनी न बोलता खोडरबर पुढे केलं.

अशा बऱ्याच आलेखांचा जनक स्कॉटलंडचा विल्यम प्लेफेअर. १७८६ मध्ये त्यानं व्यापाराच्या आकड्यांचा ॲटलास काढला, त्यात बहुतेक रेषालेख होते. स्कॉटलंडचे वर्षावर्षांचे आकडे हाताशी नव्हते, एकाच वर्षाचे होते. रेषा ओढणार कशी? म्हणून त्यानं पट्ट्या काढल्या. स्तंभालेख असा नाइलाजातून आला. वृत्तालेखही त्याचाच, १८०१ मधला.

वृत्तालेखाचा हट्ट या चष्मेवाल्यानं धरला होता. फोन कुठे असतो याचा. कोनमापक, तीनशे साठ अंशांची वाटणी, चार रंग, मेहनत दिसतेय. पण 'उशाशी' आणि 'खोलीत पण दूर' यांत मोठा भाग कोणता? वर्गात एकमत होईना. मग तेच आकडे स्तंभालेखात मांडले आणि उत्तर एका नजरेत आलं. १९८४ मध्ये क्लीव्हलंड आणि मॅकगिल या संशोधकांनी प्रयोग करून हेच दाखवलं होतं : एकाच पट्टीवरची उंची माणसाचा डोळा जितकी अचूक जोखतो, तितका कोन जोखत नाही. चष्मेवाल्याचं चित्र तरीही मुखपृष्ठावर गेलंय. ते सुंदर आहे, एवढं कारण पुरे.

[दृश्य : वर्गाची खिडकी. काचेवर ट्रेसिंग पेपर. मागून ऊन.]

पाचवीचा आयतालेख एका ट्रेसिंग पेपरवर, नववीचा दुसऱ्यावर. दोन्हींचं प्रमाण एकच. आता एकावर एक.

नववीचा फुगवटा डावीकडे सरकलाय. उठायची वेळ दोघांची जवळपास तीच, दिवा मालवायची वेळ पुढे गेलेली. किशोरवयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं. शाळेची घंटा सरकत नाही.

लाल रेघा दोन आहेत. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेनं २०१६ मध्ये ६ ते १२ वयासाठी ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वयासाठी ८ ते १० तास झोप सुचवली. म्हणून पाचवीची रेघ नऊवर, नववीची आठवर. रेघेच्या डावीकडे किती चौकटी आहेत ते पडद्यावर मोजता येईल. आणि हा अंथरुणातला वेळ आहे. झोप त्याहून कमी.

"फोनमुळेच," असं तीन-चार जण एका सुरात म्हणाले. फोन उशाशी असलेल्यांचा मध्यक, म्हणजे वेळा क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा, खाली होता, हे खरं. पण झोप येत नाही म्हणून फोन घेतला, असंही असेल. शिवाय फोन मोठ्या मुलांकडे जास्त, आणि मोठी मुलं तशीही उशिरा झोपतात. इयत्तेनुसार वेगळं करून पाहिल्यावर फरक उरला, पण बराच आक्रसला. अहवालात 'मुळे' हा शब्द खोडून 'सोबत' लिहिलाय. मूळ शब्द शाईखाली अजून वाचता येतो.

[दृश्य : सभागृह. भिंतीवर आलेख. पालक, शिक्षक.]

अहवाल मुख्याध्यापकांकडे गेला. रात्री उशिरा येणारे गृहपाठाचे निरोप बंद झालेत. पहिल्या तासाच्या वेळेचं अजून ठरायचंय.

प्रश्नोत्तरांत मागून एका पालकांनी विचारलं, "सुट्टीच्या आदल्या रात्रीचं काय?" मुलांनी ते विचारलंच नव्हतं, कालची रात्र म्हणजे शाळेच्या आदली रात्र. सभागृह रिकामं व्हायच्या आत नवा वाद सुरू झाला. शाळा उघडल्यावर विचारावं, तर आठवून सांगितलेल्या वेळा पुन्हा गोल होणार. घरी कागद देऊन भरायला सांगावं, तर सगळे कागद परत येणार नाहीत, आणि उशिरा उठणारेच ते भरायचं विसरतील. शेवटी दोन्ही करून ताडून पाहायचं ठरलं. अर्धे कागद घरी, अर्धे वर्गात. चिठ्ठ्यांचे डबे पुन्हा टेबलावर आलेत.