पेट्रोल भरताना नोझल सारखं का बंद पडतं?

श्रोतेहो, नमस्कार.

सात-आठ माणसांची मोठी गाडी ज्यांच्या घरी आहे, त्यांतल्या अनेकांना हा अनुभव आला असेल. टाकी अर्धीसुद्धा भरलेली नसते आणि पेट्रोलचं नोझल खट्‌कन बंद पडतं. पुन्हा दाबावं, लिटर-दोन लिटर जातं, पुन्हा खट्. भरणारा वैतागतो, मागे थांबलेले वैतागतात आणि खापर पंपावर फुटतं. कधी दोष खरोखर पंपाचा असतो, नाही असं नाही. पण दुसऱ्या पंपावर, नोझल थोडं फिरवून, धार कमी ठेवूनही तेच होत असेल, तर दोष गाडीत आहे असं धरून चाला. बहुतेक वेळा पेट्रोल आत जायची वाट मोकळीच असते. आतली हवा बाहेर यायची वाट अडलेली असते. आज मी बोलणार आहे ते या हवेबद्दल.

नोझल आपोआप बंद कसं होतं, ते आधी पाहू. नोझलच्या टोकाशी एक बारीक भोक असतं आणि तिथून एक नळी मुठीपर्यंत गेलेली असते. पेट्रोल वेगाने वाहू लागलं की त्या वेगामुळे या नळीतून हवा ओढली जाते. पेट्रोल वर चढून भोकाशी आलं की हवा मिळेनाशी होते, नळीतला दाब एकदम उतरतो, मुठीतला लवचीक पडदा खेचला जातो आणि झडप मिटते. यात वीज नाही, सेन्सर नाही. टाकीत किती पेट्रोल आहे हे नोझलला कळतच नाही. आपल्या टोकाला पेट्रोल लागलं, एवढंच त्याला कळतं. म्हणून टाकी रिकामी असली, तरी तोंडाच्या पाइपात पेट्रोल तुंबलं की ते बंद होणारच.

तुंबतं का? बाटलीच्या तोंडात नरसाळं घट्ट बसवून पाणी ओतून पाहा. पाणी गचके खात अडतं. नरसाळं जरासं उचललं की सरसर उतरतं. टाकीत पन्नास लिटर पेट्रोल जायचं, तर पन्नास लिटर हवा बाहेर यायला हवी, आणि ती हवा पेट्रोलच्या वाफेने भरलेली असते. पूर्वी ही वाफ भरताना सरळ बाहेर पडायची. अमेरिकेत १९९८ च्या मॉडेलांपासून मोटारींना, आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने मोठ्या गाड्यांनाही, ती गाडीतच अडवण्याची सक्ती झाली. अशा गाड्यांत टाकीतली हवा जाड नळीने कोळशाच्या डब्यात, म्हणजे चारकोल कॅनिस्टरमध्ये जाते. कोळसा वाफ धरून ठेवतो आणि उरलेली हवा व्हेंट व्हॉल्व्हमधून बाहेर जाते. पुढे इंजिन चालू असताना कोळशातली वाफ ओढून जाळली जाते.

या वाटेवर कुठेही अडथळा आला की नोझल खटखट करू लागतं. मोठ्या गाड्यांत तो येण्याची शक्यता थोडी जास्तच. तिसऱ्या रांगेची सीट जमिनीत घडी होऊन बसते, म्हणून टाकी बरेचदा पुढे सरकवून, पसरट करून मधल्या रांगेखाली बसवलेली असते. तोंड मात्र मागच्या चाकाच्या वर. त्यामुळे पाइप लांब होतो, उतार कमी मिळतो. नळीला कुठे झोळ पडला की तिथे पेट्रोल साचून राहतं. डबा आणि व्हेंट व्हॉल्व्ह गाडीच्या पोटाशी असतात. चिखल, धूळ, पाणी सगळं त्यांच्यावर उडतं. कोळ्यांची जाळीसुद्धा! २०११ साली माझदा कंपनीने उत्तर अमेरिकेतल्या सुमारे ६५ हजार मोटारी याच कारणासाठी परत बोलावल्या. एका जातीचे पिवळे कोळी व्हेंटच्या नळीत जाळी विणत होते, आणि वाट बंद झाल्यामुळे टाकीत निर्वात तयार होऊन टाकीला तडा जाण्याचा धोका होता.

आता एक गोष्ट मी अगदी कळकळीने सांगतो. नोझल पहिल्यांदा नीट बंद झालं की थांबा. आकडा पूर्ण करायला, टाकी काठोकाठ भरायला पुन्हा पुन्हा दाबू नका. टाकीत वर थोडी जागा मुद्दाम सोडलेली असते. पेट्रोल एका अंशाला साधारण हजारात एक भाग फुगतं. सत्तर लिटर पेट्रोल वीस अंशांनी तापलं, तर लिटरभराहून जास्त वाढतं. ती जागा तुम्ही भरून टाकलीत, तर पेट्रोल वाफेच्या नळीत शिरतं आणि थेट कोळशाच्या डब्यात जातं. भिजलेला कोळसा वाफ धरू शकत नाही, कधी फुटून त्याची कणी व्हॉल्व्हमध्ये अडकते. म्हणजे टाकी जास्त भरायच्या सवयीनेच पुढे ती भरेनाशी होते.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी सुरू व्हायला त्रास देते, इंजिन घरघरतं, पण एरवी ठीक चालते, तर बरेचदा पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे कोळशाच्या डब्यातली वाफ इंजिनकडे सोडणारी झडप, उघडा अडकलेला असतो. त्यातून नको तेव्हा वाफ इंजिनात जाते. बॅटरी बदलून हे बरं होत नाही.

झाकणाचं थोडक्यात सांगतो. रबरी कडी फाटली किंवा झाकण सैल राहिलं, तरी चेक इंजिनचा दिवा लागतो. झाकण घट्ट करून काही दिवस चालवा, दिवा बहुधा आपोआप विझतो. झाकणाभोवतीच्या खोलगट भागात पाणी जायला छोटं भोक असतं, ते साफ ठेवा. ते बुजलं की पावसाचं पाणी तोंडाशी साचतं, पाइप गंजतो, आणि गंजाचे पापुद्रे टाकीत पडून तिथल्या, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाची जाळी अडवतात. सरकता दरवाजा टाकीच्या बाजूला असेल, तर भरताना तो उघडू नये म्हणून काही गाड्यांत अडसर असतो. दरवाजा अचानक उघडेनासा झाला, तर आधी टाकीचं बाहेरचं झाकण नीट मिटलंय का ते पाहा.

वासाकडे मात्र मुळीच दुर्लक्ष करू नका. या गाड्यांत मुलं मधल्या आणि मागच्या रांगेत, म्हणजे टाकीच्या वरच बसतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते, आणि कडाक्याच्या थंडीतही पेट घेते. आत वास येत असेल, तर माणसं उतरवा, गाडी बंद गॅरेजमध्ये ठेवू नका. गळतीचा ओलावा दिसला तर गाडी चालवू नका, ओढून न्या. वास कधी येतो तेही नोंदवा. टाकी भरलेली असतानाच येतो आणि अर्धी झाली की जातो, तर गळती बहुधा वरच्या बाजूला असते. टाकीतल्या पंपाच्या सीलला, एखाद्या नळीच्या सांध्याला किंवा तोंडाच्या पाइपाला. हे मेकॅनिकला नक्की सांगा, त्याचा शोध निम्म्यावर येईल. टाकी खाली उतरवावी लागण्याची शक्यता असते, तेव्हा त्या दिवशी पेट्रोल भरून जाऊ नका. टाकी जितकी रिकामी, तितकं ते काम सोपं आणि सुरक्षित.