ग्वाल्हेरच्या गोष्टी आणि गडावरचं पाणी

नमस्कार मंडळी. ग्वाल्हेर म्हटलं की आपल्याला लगेच दोन गोष्टी आठवतात, शिंदे सरकार आणि ग्वाल्हेरची गायकी. ते बरोबरच आहे, पण हे शहर शिंद्यांच्या आधी कितीतरी शतकं नांदत होतं आणि तिथली माणसं आपल्या शहराच्या ज्या गोष्टी सांगतात ना, त्या नीट ऐकल्या तर एक मजा लक्षात येते, जवळजवळ प्रत्येक गोष्टीत कुठेतरी पाणी आहेच.

पहिली गोष्ट अर्थात शहराच्या जन्माची. सूरजसेन नावाचा एक राजा होता, त्याला कुष्ठरोग झालेला. शिकारीला निघाला आणि डोंगरावर तहानेने जीव कासावीस झाला. तिथे ग्वालिपा नावाचे साधू राहायचे, त्यांनी जवळच्या कुंडातलं पाणी पाजलं आणि राजाचा आजारच गेला. मग राजाने ते कुंड बांधून काढलं, साधूच्या नावाने किल्ला उभा केला. साधूने त्याला पाल हे नाव दिलं आणि बजावलं, तुझे वंशज हे नाव लावतील तोवर राज्य टिकेल. म्हणतात की ८३ पिढ्या टिकलंही, ८४व्या राजाने, तेजकर्णाने, नाव सोडलं आणि राज्य गेलं. आता ८४ पिढ्यांचा हिशोब इतिहासात काही बसत नाही, पण सूरजकुंड आजही गडावर आहे, तेली का मंदिरापासून फार लांब नाही.

मला विचाराल तर या गोष्टीचं मूळ त्या डोंगरातच आहे. सगळा वालुकाश्म, आजूबाजूच्या सपाट मुलखातून एकदम वर उठलेला, कडे असे उभे की शत्रूला चढताच येऊ नये. पण असल्या गडाला तोफांपेक्षा मोठी भीती कसली, तर तहानेची. खाली वेढा पडला की वर कुंडात पाणी किती आहे यावर सगळं ठरणार, म्हणून तर गडावर इतकी कुंडं खोदलीयत. ज्या पाण्याने जीव वाचतो त्याला लोक देवत्व देणारच ना. आणि त्याच गडावर एक जौहर कुंडही आहे. १२३२ साली इल्तुत्मिशने कित्येक महिने वेढा घालून गड घेतला, तेव्हा राजघराण्यातल्या स्त्रियांनी तिथे जौहर केला अशी आठवण सांगतात. तिथे उभं राहिल्यावर बोलवत नाही कुणाला.

गड चढताना वाटेत चतुर्भुज मंदिर लागतं, अगदी लहानसं, अख्ख्या कातळातून कोरलेलं. बरेच लोक त्याच्याकडे न बघताच पुढे जातात आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण आत इ.स. ८७६चा शिलालेख आहे. देवाच्या फुलांसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद बाग दिली, तिथून रोज ५० हार यावेत, असा साधा व्यवहाराचा मजकूर. पण त्या २७०मधलं आणि ५०मधलं शून्य बघा, आपण आज काढतो तसंच छोटं गोल. भारतात दगडावर कोरलेल्या सगळ्यात जुन्या शून्यांपैकी हे एक. कुणा विद्वानाचा ग्रंथ नाही हो हा, फुलांच्या बागेचा हिशोब आहे, म्हणजे शून्य तेव्हाच रोजच्या कारभारात रुळलं होतं.

मग येतो राजा मानसिंह तोमर, १४८६ ते १५१६. त्यानेच तो निळ्या-पिवळ्या फरशांचा मानमंदिर महाल बांधला, भिंतीवर बदकं, हत्ती, केळीची झाडं. त्याची सगळ्यांना आवडणारी गोष्ट मृगनयनीची. राई गावची गुजर मुलगी, झुंजणाऱ्या दोन म्हशींना तिने हाताने वेगळं केलं आणि ते बघून राजाने मागणी घातली. तिने अटी घातल्या, वेगळा महाल हवा, लढाईत सोबत येणार, आणि प्यायला पाणी माझ्या गावच्या नदीचंच. राजाने म्हणे तिथून नळ टाकून पाणी आणलं. गुजरी महाल गडाच्या वर नाही, पायथ्याशी आहे, आणि मला तरी वाटतं की गोष्टीत याचंच उत्तर दडलंय, गावाकडून उताराने आलेलं पाणी वर थोडंच चढणार होतं!

तानसेनाचं गाव बेहट जवळच, तिथलं शिवमंदिर त्याच्या सुरांनी कललं असं गावकरी सांगतात. त्याची कबर शहरात, गुरू मोहम्मद घौस यांच्या मोठ्या मकबऱ्याशेजारी, आणि तिथल्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो म्हणून गायक मंडळी पिढ्यान् पिढ्या तो चघळत आलीयत. पुढे याच शहरात हद्दू खाँ, हस्सू खाँ हे ख्यालगायकीचे उस्ताद झाले, आणि आपले बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे वासुदेवबुवा जोश्यांकडे शिकून ती गायकी महाराष्ट्रात घेऊन आले. विष्णु दिगंबर पलुसकर त्यांचे शिष्य, म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी गाण्याची वाट ग्वाल्हेरहूनच आलीय.

आणि शेवटची गोष्ट झाशीच्या राणीची. जून १८५८, नवा घोडा, मागे इंग्रज घोडेस्वार, आणि समोर स्वर्णरेखा नाला. घोडा अडला, उडी घेईना. गंगादास बाबांच्या साधूंनी तिच्या देहाला अग्नी दिला असं सांगतात, फुलबागेत समाधी आहे. तो स्वर्णरेखा आज काँक्रीटमध्ये बांधलेला, सांडपाण्याने भरलेला आहे, आणि पाण्याच्या इतक्या गोष्टी सांगणाऱ्या शहरात ते बघताना राग येतो.

जाणार असाल तर डिसेंबरात जा, तानसेन समारोह असतो. आणि गडावर गाडीने उरवाई दरवाजातून जाऊ नका, ग्वाल्हेर दरवाजातून पायी चढा, म्हणजे गुजरी महाल खालीच बघून होतो आणि चतुर्भुज मंदिर वाटेत लागतं.