कुयरीचं मटण आणि मूठभर काळे वाटाणे

नमस्कार, श्रोतेहो. मटणाऐवजी फणस, सोयाबीनच्या वड्या असं हल्ली बऱ्याच घरांत शिजतं. त्यातून अंगाला काय लागतं, ते आज बोलू.

आधी आमच्या कुडाळच्या आत्याची गोष्ट. तिच्या मुलाने, म्हणजे आमच्या दादाने, मटण-मासे सोडले. व्यायामशाळेत जाणारा मुलगा, आता खाणार काय, म्हणून आत्याला घोर लागला. फाल्गुनात तिने परसातली फणसाची कुयरी, म्हणजे कोवळा फणस, उतरवली. विळीला आणि हातांना खोबरेल चोळून चिरली. कांदा, खोबरं, गरम मसाला खरपूस भाजून पाट्यावर वाटला. वाटप पाट्यावरचंच हवं. मिक्सरच्या वाटपाला ती चव नाही, हे मी जाईन तिथे सांगते. रश्श्यावर लाल तवंग आला, फोडी दाताखाली दोऱ्यासारख्या सुटू लागल्या. दादा तीन वाट्या जेवला. मग काय, दिवसाआड कुयरी!

आत्याने कौतुकाने मला फोन केला. मी म्हटलं, "आत्या, १०० ग्रॅम मटणात प्रथिनं साधारण २० ग्रॅम. तेवढ्याच कुयरीत जेमतेम दोन-तीन." पलीकडे शांतता. मग म्हणाली, "मगे इतके दिवस मी झिलाक काय घातलंय?"

दुसऱ्या दिवसापासून त्याच रश्श्यात मूठभर काळे वाटाणे पडू लागले. किती सोपं!

तेव्हा लक्षात ठेवा, फणसात चव आहे, तंतू आहेत, प्रथिनं नावालाच. पुन्हा सांगते, प्रथिनं नावालाच. ती सोयाबीनच्या वड्यांत आहेत. तेल काढून उरलेल्या पिठाच्या त्या वड्या. १०० ग्रॅम कोरड्या वड्यांत प्रथिनं सुमारे ५० ग्रॅम. पण वडी भिजून तिप्पट होते, म्हणून वजन कोरडीचं करा. कोरडीचं.

तयार गोठवलेले शाकाहारी कबाब आणलेत तर पाकिटावर मीठ किती ते वाचा. वड्यांतलं लोह अंगी लागायला वर लिंबू पिळा, जेवणावर लगेच चहा नको.

राहिलं बी-१२ जीवनसत्त्व. ते ना फणसात, ना सोयाबीनमध्ये. दादाला दूध-दह्यातून थोडंफार मिळतं. जे तेही घेत नाहीत, त्यांनी रक्त तपासून डॉक्टरांना गोळीबद्दल विचारावं. नमस्कार.