दादा, गाडी कुठे आहे?

[पडदा काळा. फोनवरचे दोन आवाज.]

"दादा, गाडी कुठे आहे?"
"तुम्ही कुठे उभे आहात?"

[रात्रीचा विमानतळ. दिव्यांची रांग, हॉर्न.]

विमानातून उतरल्यावर आपल्यापैकी अनेकांचं पहिलं बोलणं हेच असतं. गाडी सापडायला तीन-चार मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ ती टर्मिनलच्या दारासमोर उभी राहते. हिशेब साधा आहे. एका जागेवर प्रत्येक गाडी एक मिनिट थांबली, तर तासाला साठ गाड्या निघतात. चार मिनिटं थांबली, तर फक्त पंधरा. टर्मिनलला मजले चढवता येतात, पण दारासमोर गाड्या थांबतात ती रस्त्याची कड आहे तेवढीच राहते.

[लॉस एंजेलिसचं हवाई दृश्य.]

लॉस एंजेलिसच्या विमानतळावर हा हिशेब फार कडक झाला. इथली टर्मिनलं घोड्याच्या नालेसारख्या रस्त्याभोवती उभी आहेत. १९८४च्या ऑलिंपिकच्या वेळी त्या रस्त्यावर दुसरा मजला चढला. डिसेंबर २०१५पासून ॲपवरच्या गाड्यांना प्रवासी घेण्याची मुभा मिळाली. २०१९ साली इथून सुमारे ८.८ कोटी प्रवाशांची ये-जा झाली. त्यातच टर्मिनलं जोडणाऱ्या विनाचालक ट्रेनचं बांधकाम सुरू झालं आणि रस्त्याच्या मार्गिका त्यात अडकू लागल्या.

२९ ऑक्टोबर २०१९. विमानतळाने ठरवलं, की टॅक्सी आणि ॲपच्या गाड्यांनी आगमनाच्या दारातून प्रवासी उचलायचा नाही. टर्मिनल एकच्या शेजारी एक आवार तयार झालं, नाव 'एलएएक्स-इट' (एलएएक्स हा या विमानतळाचा संकेत). तिथवर चालत जा, नाहीतर बसने. बससाठी राखीव मार्गिका. सोडायला येणाऱ्या गाड्या मात्र पूर्वीसारख्याच दारापर्यंत.

[बसमधून उतरणारे प्रवासी, बॅगांचा ढीग.]

सुरुवातीच्या दिवसांत काही संध्याकाळी तिथे तासाहून जास्त थांबावं लागलं. लोक बसमधून भराभर उतरत होते, पण गाड्या आत शिरायच्या वाटेवरच अडकत होत्या. कोंडी दारातून उठून आवारात जाऊन बसली. मग जागा वाढवली गेली, आत-बाहेरच्या वाटा बदलल्या.

खरा फरक पडतो तो गाडी शोधण्याची पद्धत बदलल्यावर. अमेरिकेतल्याच पोर्टलंड विमानतळावर उबरने पिनची पद्धत आणली. प्रवाशाच्या फोनवर एक पिन येतो. प्रवासी रांगेत उभा राहतो, समोर येईल त्या गाडीत बसतो, चालकाला पिन सांगतो आणि निघतो. अमुक नंबरची पांढरी गाडी हुडकत फिरायचं काम नाही. आपल्या जुन्या टॅक्सी स्टँडचीच ही रीत आहे. मला या सगळ्या खटपटीतली सर्वांत शहाणी गोष्ट हीच वाटते, कारण तिने प्रवाशाचाही वेळ वाचतो आणि कडेचाही.

दुसरी सोय चालकाच्या फायद्याची. प्रवासी सोडून निघालेल्या चालकाला तिथल्या तिथे परतीचं भाडं मिळालं, तर रिकामी गाडी बाहेर जाऊन दुसरी रिकामी आत यायला नको. एका भाड्यामागे एक फेरी वाचते.

[वाहनतळ. सीट मागे टाकून पडलेला चालक. फोनच्या पडद्यावर रांगेतला क्रमांक.]

कोंडीच्या चर्चेत हा माणूस सहसा नसतो. विमानतळाभोवती ॲपने नकाशावर एक कुंपण आखलेलं असतं. त्याच्या आत थांबलं, तरच रांगेत नंबर लागतो. जेवायला कुंपणाबाहेर पडलं, की नंबर जाऊ शकतो. या थांबण्याचे पैसे मिळत नाहीत. म्हणून चालकांच्या वाहनतळावर सावली, पाणी आणि स्वच्छतागृह हवंच. रस्त्याच्या मार्गिका ज्या आराखड्यात आखतात, त्याच आराखड्यात या गोष्टीही पहिल्या दिवसापासून असायला हव्यात.

[पुणे, लोहगाव. पादचारी पुलावरून जाणारं कुटुंब.]

आपल्याकडेही हेच उत्तर आलं आहे. पुण्यात ॲपची कॅब पकडायला विमानतळाशेजारच्या एरोमॉलच्या बहुमजली वाहनतळावर जावं लागतं. मुंबईच्या टर्मिनल दोनवर ॲपच्या गाड्या वाहनतळाच्या इमारतीत मिळतात. दारासमोरचा रस्ता त्याने हलका होतो, हे मान्य. पण ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांच्या एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात बॅग आहे, त्यांच्यासाठी ते अंतर लांबच आहे. सरकता जिना बंद नसणं, ठळक मराठी पाटी असणं, सामानाची ट्रॉली थेट गाडीपर्यंत जाऊ देणं, याला फार पैसे लागत नाहीत. रोज कोणीतरी लक्ष द्यावं लागतं.

मुंबईत ऑक्टोबर २०२५पासून भुयारी मेट्रो टर्मिनल दोनवरून थेट कफ परेडपर्यंत जाते. एखादी बॅग घेऊन उतरणारा प्रवासी मेट्रोच्या जिन्याकडे वळला, तर वाहनतळावरची एक जागा गुडघे दुखणाऱ्या एखाद्या आजोबांच्या गाडीसाठी मोकळी राहते.

[पुन्हा वाहनतळ. फोन वाजतो. चालक सीट सरळ करतो.]

"हां, निघालोय मॅडम. तुम्ही लिफ्टजवळच थांबा, मी तिथे येतो."